चार पानं येऊ देत

मृगाचे दोन सडाके येऊन गेले आणि बारामतीतल्या एका घरापुढच्या वाफ्यात हिरवं दिसू लागलं. त्या वाफ्यात कुणी काही पेरलेलं नव्हतं. घर बांधलं तेव्हा तिथं नुसता मुरूम होता. आदल्या उन्हाळ्यात त्यावर दहा-बारा पोती गाळ पसरला, शेणखताची चार घमेली टाकली आणि सगळे ते विसरून गेले. आता पावसानं त्या काळ्या मातीवर बोटाच्या पेराएवढी शेकडो रोपं उभी केली होती.

सून खुरपं घेऊन बसली. नर्सरीतनं झेंडूची रोपं आणायची ठरलं होतं, त्याआधी वाफा साफ करायचा होता. सासू पायरीवर बसल्या होत्या. या भागात सासूला आत्या म्हणायची जुनी रीत आहे, तशी ही सूनही त्यांना आत्याच म्हणते.

"सगळं काढून टाकते आत्या. गवतच दिसतंय."

"आगं थांब की. चार पानं तर येऊ देत. कोण आलंय ते तरी कळू दे आधी."

काय उगवलंय असं त्या म्हणाल्या नाहीत, कोण आलंय म्हणाल्या. खुरपं थांबलं ते त्या शब्दापाशी.

चार पानांचा हा हिशेब पक्का आहे. द्विदल बी रुजतं तेव्हा बहुधा आधी दोन जाडसर पानं वर येतात. ती बीमध्येच घडी घालून ठेवलेली शिदोरी असते. शाळेच्या पुस्तकात तिला बीजपत्रं म्हणतात. या पहिल्या जोडीवरून फार तर घराणं कळतं, माणूस कळत नाही. रोपाचा खरा चेहरा त्यानंतरच्या जोडीला दिसतो. झेंडूच्या पानाला पिसासारख्या चिरा पडतात, तेरड्याच्या पानाला करवतीसारखे दाते येतात, तुळशीचं पान चुरगळलं की वास सुटतो. त्याआधी उपटलेलं रोप निनावीच जातं.

खुरपणीला जाणाऱ्या बाईला मात्र चार पानांचीही गरज लागत नाही. बाजरीत उगवलेलं गवत आणि बाजरी, दोन्ही कोवळेपणी हिरवी पातीच. तरी ओळीनं सरकणाऱ्या बाईचा हात बरोबर गवताच्याच मुळाशी जातो. कशावरून ओळखलं म्हणून विचारलं, तर देठाजवळची लाली, पात्यावरची लव, बोटाला लागणारा खरखरीतपणा, असं काहीबाही सांगून ती पुढं सरकते. आत्यांनी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं हे काम केलेलं. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. तो आजही अभ्यासक उघडतात. पण अशा ग्रंथांतून झाड ओळखायचं म्हणजे ते फुलाफळाला आलेलं असावं लागतं. कोवळ्या रोपांची ओळख या मुलखात खुरपणाऱ्या हातांत राहिली, आणि ती कुणी लिहून घेतली नाही याची हळहळ वाटते.

आत्यांनी कडुनिंबाच्या काड्या आणायला लावल्या. ओळख पटलेलं तण काढायचं, आणि ज्याचं नाव सांगता येत नाही त्याच्या शेजारी काडी रोवायची. पहिल्याच दिवशी वाफ्यात एकोणीस काड्या उभ्या राहिल्या.

गाळ आला होता तो आत्यांच्या माहेराहून, इंदापूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या गावाहून. उजनीचं धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाचं, यशवंतसागराचं, पाणी तालुक्याच्या कडेनं पसरत गेलं. काठची गावं उठली आणि वर सरकून नव्यानं वसली. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ तसंच पाण्यात राहिलं. एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात साठा फार खाली गेला की आधी त्याचं शिखर आणि मग सगळं देऊळ उघडं पडतं आणि लोक बघायला लोटतात. आत्यांचं गावही असंच पाण्याखाली गेलेलं. तेव्हा त्या शाळकरी होत्या. घराच्या मागं परस होतं, परसात आड होता आणि आडाशेजारी गुलबासाचं बेट होतं, एवढं त्या अजून सांगतात.

पाणी मागं हटलं की त्या उघड्या जमिनीवर गाळपेर होते, आणि गाळ ट्रॉल्या भरभरून वरच्या हलक्या रानांत नेला जातो. 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी सरकारी योजनाही आहे. आत्यांच्या भावानं स्वतःच्या रानात गाळ टाकला तेव्हा दहा-बारा पोती बहिणीकडे पाठवली. फुलझाडांना चांगली माती, एवढाच त्याचा हेतू.

पण अशा गाळात नुसती माती नसते. चार्ल्स डार्विननं 1859 साली छापलेल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये एक छोटासा प्रयोग नोंदवला आहे. एका लहान तळ्याच्या काठचा पाण्याखालचा चिखल त्यानं तीन ठिकाणांहून घेतला, सगळा मिळून तीन मोठे चमचे. वाळल्यावर त्याचं वजन पावणेसात औंस भरलं, म्हणजे 200 ग्रॅमच्याही आत. न्याहारीच्या कपात मावणारा तो चिखल त्यानं सहा महिने आपल्या अभ्यासिकेत झाकून ठेवला. उगवलेलं प्रत्येक रोप मोजायचं आणि उपटायचं. आकडा 537 वर गेला. पाणथळ जागी वावरणाऱ्या पक्ष्यांच्या पायांना जो चिखल चिकटतो, त्यातून किती बिया दूरच्या मुलखात पोचत असतील, हे त्याला दाखवायचं होतं.

भिगवणजवळ कुंभारगाव नाहीतर डिकसळच्या काठावर हिवाळ्यात उभं राहिलं की हा प्रयोग आठवल्याशिवाय राहत नाही. उथळ पाण्यात रोहित पक्षी वाकून चिखल चाळत असतात. चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, आणि काठानं तुरुतुरु धावणाऱ्या चिखल्यांची तर गणतीच नसते. तीन चमच्यांत 537, तर दहा-बारा पोत्यांत किती? बारामतीतल्या त्या वाफ्याकडे बघताना हा हिशेब कुणी करू नये, छाती दडपते.

गाळानं आणलेली पहिली मंडळी ओळखायला सोपी होती. लव्हाळा तर दुसऱ्याच दिवशी सुईसारखा वर आला. तो वरून खुडून जात नाही, खालची गाठ खणून काढावी लागते. मग माका. ओलीचा भुकेला, खरखरीत पानांचा, पांढऱ्या टिकलीएवढ्या फुलाचा. आत्यांनी माक्याचे चार ठोंब राखले, केसांच्या तेलात घालायला. बाकीचा काढला. भिंतीलगत मात्र एक रोप होतं, त्याची पहिली दोन पानं चांगली रुपयाएवढी रुंद होती. एकाच्या टोकाला काळं टरफल टोपीसारखं अडकून बसलं होतं. आत्या वाकल्या, ते टरफल नखानं काढून हातावर घेतलं आणि म्हणाल्या, "गुलबास. आमच्या परसातला."

सून काही बोलली नाही.

बी किती काळ जिवंत राहतं याचा जगातला फार जुना आणि अजून चालू असलेला प्रयोग अमेरिकेत मिशिगनला आहे. विल्यम जेम्स बील या प्राध्यापकानं 1879 साली वीस बाटल्यांत ओलसर वाळू भरली, प्रत्येकीत एकवीस जातींच्या पन्नास-पन्नास बिया घातल्या आणि बाटल्या जमिनीत पुरल्या. दर काही वर्षांनी एक बाटली काढायची आणि काय उगवतं ते बघायचं. बील गेला, त्याच्या नंतरचे गेले, प्रयोगाची धुरा हस्ते-परहस्ते पुढं आली. 2021 साली एक बाटली उकरली, तेव्हा 142 वर्षांनंतरही काही बिया रुजल्या. मात्र टिकल्या त्या बहुतेक एकाच रानटी झाडाच्या, अगदी बारीक बिया. मिऱ्याएवढं गुलबासाचं बी चाळीस-पंचेचाळीस वर्षं धरणाच्या तळाशी चिखलात राहून रुजेल, हे होणं नाही. ते कुजून जातं. रोप आलं असेल ते जवळूनच, शेजारच्या कुंपणातून, शेणखताच्या ढिगातून, नाहीतर पोत्याला चिकटून. सुनेनं हे सगळं वाचलं. आत्यांना मात्र तिनं सांगितलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं असं म्हणायला हवं.

आपसूक उगवलेल्या रोपाचं नाव विचारायचं तर आधी त्याची वाट विचारावी लागते. बारामती-इंदापूरच्या मुलखात अशा वाटा भरपूर आहेत. पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग पर्जन्यछायेतला, वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सुप्याकडे माळ पसरलेले आहेत, तिथं मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा चरतात. तरवडाची पिवळी फुलं, गवताच्या बुडाशी डोळा निळा करून बसलेली विष्णुकांता, ही त्या जिरायत माळाची संपत्ती. दुसरीकडे भाटघरच्या पाण्यावर 1885च्या सुमाराला सुरू झालेला नीरा डावा कालवा. त्यानं बारामतीतून इंदापूरकडे बागायत नेली, ऊस नेला. कालव्याचं पाणी पाटात येतं, पाटाचं सरीत, आणि त्याच्यासोबत वरच्या गावांचं बीही खाली उतरतं.

मेंढ्यांची वाट याहून जुनी. धनगरांचे कळप रानात बसवायचे, लेंडीखत घ्यायचं, त्याच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे द्यायचे, हा व्यवहार इथल्या शेतकऱ्याच्या हिशेबात आजही आहे. मेंढीच्या लोकरीत अघाड्याची कुसळं अडकतात, लेंडीतून न पचलेल्या बिया पडतात. ज्या रानात कळप बसला त्या रानात पुढच्या पावसाला नवं काहीतरी दिसतंच.

आणि देवाची वाट. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ते झाडाच्या बुंध्याशी टाकतात. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वाळून त्यात पडतो. आपण ज्याला झेंडूची पाकळी म्हणतो ते खरं तर एकेक स्वतंत्र फूल असतं आणि त्याच्या बुडाशी काळी, सुईसारखी बी असते, म्हणून एका वाळक्या फुलातून डझनावारी रोपं येतात. नवरात्रात घट बसवायला शेतातली माती आणतात. दसऱ्याला घट उठले की उरलेली माती वाफ्यात जाते आणि तिच्यासोबत त्या शेताचं तणही घरी येतं. आषाढात तुकोबांची पालखी उंडवडीवरून बारामतीला येते, पुढं सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला जाते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका त्या वाटेनं मैलोन्‌मैल चालतात. वाऱ्यानं हललेल्या मंजिरीतून बी सांडायला किती वेळ लागतो? पावसाचे दिवस, ओली माती. या रस्त्याकडेच्या घरांत न लावलेली तुळस उगवली तर तिला कुणी उपटत नाही, हे मात्र खरं.

काड्या लावून दोन आठवडे झाले. एकोणीसपैकी अकरा काड्या निघाल्या. चौकोनी देठाची सात रोपं तुळशीची ठरली. मग तिढा पडला तो चिरलेल्या पानांच्या रोपांचा. अशी तीन प्रकारची रोपं वाफ्यात होती आणि तिन्ही लांबून गाजराच्या पाल्यासारखी. मोबाइलमधल्या ॲपनं एकाच रोपाची सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी अशी दोन नावं दिली. आत्यांनी पहिल्याचं पान चुरगळून नाकाशी नेलं. झेंडू. सुनेनं तेच पान उजेडाकडे धरलं तेव्हा त्यात बारीक ठिपके आरपार चमकले, त्या तेलाच्या पिशव्या, झेंडूचा उग्र वास तिथं साठलेला असतो. दुसरं रोप सरळ उंच निघालं होतं, त्याला काही वास नव्हता. ते कॉसमॉस असणार, रस्त्याकडेला आता रानोमाळ पसरलेलं नारिंगी कॉसमॉस. तिसरं मात्र जमिनीलगत पानांचं चक्र पसरून बसलं होतं, अंगावर बारीक लव. ते चांगलं तजेलदार होतं, आणि सुनेनं आठवडाभर त्यालाच सगळ्यांत जपून पाणी घातलं होतं.

"ह्याला व्हय पाणी घातलंस? ही काँग्रेस हाय बाई. उपट मुळासकट, फूल यायच्या आत."

गाजरगवत, चटकचांदणी, काँग्रेस गवत. नावं अनेक, झाड एकच. भारतात त्याचा बोभाटा झाला तो पुण्यातूनच, 1955 साली. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं घरोघरी सांगतात. अभ्यासकांना 19व्या शतकातल्या नोंदीही सापडल्या आहेत, म्हणजे ते आधीच येऊन कुठंतरी दबा धरून होतं. त्यानंतरच्या काळात पडीक रानं, रेल्वेचे रूळ, गावठाणं, शाळांची मैदानं, काही सुटलं नाही. एक झाड हजारोंनी बिया टाकतं. त्याच्या परागानं दम्याचा त्रास होतो, पाल्याच्या स्पर्शानं अंगावर चट्टे उठतात, आणि दरवर्षी ते उपटणाऱ्या बायकांच्या हातांनी हे सगळं सोसलेलं आहे. 1984 साली बंगळुरूला त्याच्यावर मेक्सिकोचे भुंगे सोडले गेले. पिवळट अंगावर तपकिरी वेलबुट्टी असलेला हा भुंगा पावसाळ्यात गाजरगवताची पानं चाळणीसारखी करतो. महाराष्ट्रातही तो पसरला. पण भुंगा पानं खाईपर्यंत गवत थांबत नाही.

इथं एक गोष्ट नीट बघायला हवी. गाजरगवत अमेरिका खंडातलं, म्हणून परकं. पण दसऱ्याचा झेंडूही मेक्सिकोचा. कॉसमॉस तिकडचंच. झिनिया, गणेशवेल, गुलबास, सगळे तिकडचे. सदाफुली मादागास्करची. सदाफुलीची पानंफुलं साखरेवर म्हणून इथं कितीतरी लोक चावून खातात. तसाच समज जमैकातही होता. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यासाठीच तिची पानं तपासली. साखर काही हलली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या, आणि त्या धाग्यावरून 1958च्या सुमाराला कर्करोगावरचं औषध हाती आलं. तर वाफ्यातलं कोण परकं आणि कोण आपलं, याचा निवाडा मूळ गावावरून करू गेलं तर वाफा जवळजवळ रिकामाच होईल. आत्यांचा निकष सरळ आहे. जे दुसऱ्याला जागा ठेवतं ते राहील, जे ठेवत नाही ते जाईल.

या मातीतलं म्हणावं असं एक रोप वाफ्याच्या मधोमध होतं. अरुंद लांब पानं, देठ लालसर. आत्या म्हणाल्या कुरडू. बाजरीच्या रानात कुरडू हटकून येतो आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. पण बागेतला मखमली कोंबडा हा त्याचाच सख्खा. एकाच जातीचं रानटी रूप ते कुरडू, माणसानं निवडून वाढवलेलं रूप तो कोंबडा. कुरडूचा शेंडा सरळ वर जाऊन रुपेरी-गुलाबी कणीस होतो. कोंबड्याचा शेंडाच आडवा पसरत जातो, त्याला घड्या पडतात आणि तुरा बनतो. लहानपणी दोघांत फरक करता येत नाही. इथं चार पानांनीही भागलं नाही. काडी जुलैअखेरपर्यंत तशीच उभी राहिली. शेवटी शेंड्याशी तुरा दिसला, पण अर्धवट, एका बाजूला कोंबडा आणि दुसऱ्या बाजूला कणसासारखी टोकं. आपसूक उगवणाऱ्या कोंबड्याचं असं होतं. माणसानं दरवर्षी बी निवडलं नाही की दोन-चार पिढ्यांत तो रानाच्या वाटेला लागतो. तसंच संकरित झेंडूचं आणि झिनियाचं. नर्सरीतल्या रोपाला ताटलीएवढं फूल आलं म्हणून त्याच्या पडलेल्या बीतून तेच येईल असं नाही. कुणी आजीवर जातं, कुणी पणजोबावर.

तेरड्याची बाब वेगळी, तो लहानपणीच सगळं सांगून टाकतो. देठ हिरवागार असेल तर फूल बहुधा पांढरं, देठावर लाली असेल तर फुलातही लाल-गुलाबी उतरणार. सुनेनं तीन रोपांचे रंग असे आधीच सांगितले आणि तिन्ही बरोबर आले, त्याचा तिला झालेला आनंद आत्यांनी दिवसभर शेजारणींना सांगितला. गौरी आल्या तेव्हा तेरडा भरात होता. पहिल्या दिवशी त्याचीच जुडी गौर म्हणून दारातून आत आली. उरलेल्या झाडांवर टपोऱ्या शेंगा धरल्या होत्या. घरातल्या लहानग्यानं त्यांना नुसतं बोट लावायचं, की शेंग फटकन फुटून पाकळ्या उलट्या वळायच्या आणि बी उडायचं. पुढच्या वर्षीच्या वाफ्याची पेरणी त्या पोरानं खेळता खेळता करून टाकली.

ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली. इथं हे नेहमीचंच, खरा भरवसा सप्टेंबरातल्या उत्तरा-हस्तावर. माळेगाव खुर्दला 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. कोरडा काळ, क्षार, उष्मा सोसून पीक कसं उभं राहील याचाच तिथं अभ्यास चालतो. त्या तीन आठवड्यांत वाफ्यात एक गोष्ट डोळ्यांना दिसली. शेजारच्या घरात पिशवीतून काढून लावलेली झेंडूची रोपं दुपारी माना टाकत होती. वाफ्यातली आपसूक आलेली रोपं खुजी होती, पण ताठ होती. जिथं बी पडलं तिथंच रुजल्यानं त्यांचं सोटमूळ कुणी हलवलेलं नव्हतं, ते मुकाट खाली ओल शोधत गेलं होतं. नर्सरीला जायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

भिंतीलगतचा गुलबास एव्हाना कमरेएवढा झाला होता. फुगीर पेरांचा, आडवा पसरलेला. एके दिवशी त्यावर लांबट कळ्या दिसल्या. गुलबास दुपार उलटल्यावर उमलतो, म्हणून आत्या चारपासून पायरीवर येऊन बसल्या. आमचा पिवळा होता, त्या सांगत होत्या, हळदीसारखा. परकराच्या वयात त्या फुलांच्या लांब नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्यावाचून वेणी करायच्या, आणि आडावर पाण्याला आलेल्या प्रत्येकीच्या केसांत ती असायची.

गुलबासाच्या रंगांनी मोठमोठ्यांना कोड्यात टाकलं आहे. एकाच झाडावर दोन रंग येतात, एकाच फुलात दोन रंगांचे पट्टे येतात. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं 1909 साली याच झाडाच्या चट्टेरी पानांचा अभ्यास केला. बीतून येणाऱ्या रोपाचं पान हिरवं होणार की पांढरं की चट्टेरी, हे पराग कुठल्या झाडाचा यावर मुळीच ठरत नाही, बी ज्या फांदीवर धरलं त्या आईकडूनच ते येतं, असं त्याला आढळलं. आईकडूनच येणारा असा वारसा असतो, हे पहिल्यांदा दाखवून देणाऱ्यांपैकी गुलबास एक.

पाचच्या सुमाराला पहिली कळी सैल झाली. फूल गडद राणी रंगाचं निघालं.

आत्यांनी ते बराच वेळ पाहिलं. "ह्यो न्हवं," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी कळशीभर पाणी आणलं आणि गुलबासाच्या बुडाशी ओतलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या पुन्हा पायरीवर होत्या, आणि तिसऱ्या दिवशीही. सुनेनं तिथं त्यांच्यासाठी पाट टाकून ठेवला.

दिवाळीपर्यंत गुलबासाखाली काळ्या बियांचा सडा पडायला लागला. आत्या रोज वेचून पदराच्या गाठीला बांधायच्या. भाऊबीजेला भाऊ आला, तेव्हा ओवाळून झाल्यावर त्यांनी गाठ सोडली, बारा बिया मोजून कागदाच्या पुडीत बांधल्या आणि त्याच्या हातात दिल्या. नव्या घराच्या मागं, पाण्याच्या टाकीशेजारी लाव म्हणाल्या.

"कुठला रंग हाय, अक्का?"

"उगवला की दुपारी चारला जाऊन बघ," आत्या म्हणाल्या आणि वाफ्यातल्या उरलेल्या दोन काड्या दाखवायला त्याला घेऊन गेल्या.